टाकी मुरू द्या, मग मासे आणा

कोंडाणे म्हटलं की बाहेरच्या माणसाला सिंहगड आठवतो. मी सांगतोय ते कोंडाणे कर्जतजवळचं, राजमाचीच्या पायथ्याचं. कर्जत स्टेशनवरून कोंदिवड्यापर्यंत रिक्षा जाते, पुढे पायवाट. इसवी सनाच्या आधी कोरलेली बौद्ध लेणी तिथे आहेत आणि पावसाळ्यात त्यांच्या तोंडावरून धबधबा कोसळतो. लेणी बघायला सगळेच जातात, माझा पाय मात्र वाटेतल्या ओढ्याशी अडतो. दिवाळीच्या सुमारास तिथलं पाणी निवळून काचेसारखं झालेलं असतं, घोट्याएवढं उरलेलं. त्यातल्या काळ्या दगडावर पाऊल टाकलं की ते हमखास घसरतं.

घसरवणारा तो बुळबुळीत थर आपण ‘शेवाळ’ म्हणून सोडून देतो. दगड उचलून उन्हात धरला की त्यावर बोटभर रुंदीचे खरवडल्यासारखे पट्टे दिसतात. ते मळ्या माशाचे. हा मासा तोंड दगडाला चिकटवून तो थर खरवडून खातो. (कर्नल साइक्सने १८३९ च्या सुमारास दख्खनच्या नद्यांमधल्या माशांची नोंद केली, तेव्हा आपल्या लोकांच्या तोंडची नावंच त्याने शास्त्रीय नावांत घातली. ‘मळ्या’ आजही जगभर ‘गारा मुल्या’ म्हणून ओळखला जातो.) त्या थरात शेवाळ असतंच, पण त्याच्या जोडीला चिकट लगद्यात रुतून बसलेले कोट्यवधी जिवाणूही असतात. दुकानातून आणलेल्या कोऱ्या करकरीत फिश टँकमध्ये नेमका हाच थर नसतो. नव्या टाकीतले मासे पहिल्या पंधरवड्यात मरतात, ते बहुतेक वेळा याच एका कारणाने.

मीही ते करून बसलो आहे. पहिली टाकी आणली त्याच संध्याकाळी सहा गोल्डफिश आणले. दुकानदार म्हणाला, पाण्यात दोन थेंब निळं औषध टाका, काही होत नाही. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. घाबरून सगळं पाणी काढलं, खडे नळाखाली घासून धुतले, पुन्हा भरलं. पाचव्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले, त्यांचे कल्ले लालभडक झाले होते. आठवड्याभरात सहाही गेले. पाणी दिसायला स्वच्छ होतं, याचंच तेव्हा सगळ्यात जास्त नवल वाटलं होतं.

मासा लघवीवाटे जितका मळ टाकतो त्याहून कितीतरी जास्त कल्ल्यांमधून टाकतो, आणि तो मळ म्हणजे अमोनिया. उरलेलं खाणं कुजलं, विष्ठा कुजली, की त्यातूनही अमोनियाच. ओढ्यात मासा क्षणभरात आपल्या मळापासून दूर गेलेला असतो, पाणी वाहून नेतं. टाकीत तो आपल्याच मळात राहतो. बाहेरच्या पाण्यात अमोनिया वाढला की आतला बाहेर पडेनासा होतो, रक्तात साचतो, कल्ले भाजतात. अमोनियाचीही दोन रूपं आहेत. एक जहाल, एक त्या मानाने सौम्य. पंचवीस अंश तापमानाला पाण्याचा सामू ७ असेल तर जहाल रूप अर्ध्या टक्क्याच्या थोडं वर असतं. सामू ८ झाला की तेच पाच टक्क्यांच्या पुढे जातं. म्हणजे टाकीत अमोनिया तेवढाच, पण सामू ८ असलेल्या बोअरच्या पाण्यात तो दहापट घातक. एकाच दुकानातले मासे एका घरी जगतात आणि शेजारच्या घरी मरतात, त्यामागे हे असू शकतं.

या अमोनियाचं पुढे काय होतं, ते पहिल्यांदा नीट दाखवलं १८७७ मध्ये फ्रान्समध्ये, श्लोझिंग आणि मुंट्झ या दोघांनी. विषय माशांचा नव्हता, पॅरिसच्या गटाराच्या पाण्याचा होता. त्यांनी एक लांब काचेची नळी भाजलेली वाळू आणि थोडी खडूची पूड घालून भरली आणि वरून हळूहळू सांडपाणी सोडलं. वीस दिवस खालून अमोनिया जसाच्या तसा येत राहिला. मग खालच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागलं आणि अमोनिया नाहीसा झाला. हा नुसता रसायनांचा खेळ असता तर पहिल्याच दिवशी झाला असता. वीस दिवस लागले, म्हणजे आत काहीतरी जिवंत वाढत होतं. खात्री करायला त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम थांबलं. क्लोरोफॉर्म निघून गेला तरी ते आपणहून सुरू झालं नाही. बागेतल्या मातीचं थोडं धुवण ओतलं, तेव्हा पुन्हा चालू झालं.

टाकी तयार करण्याची सगळी विद्या मला या एका नळीत दिसते. वाळू म्हणजे आपला फिल्टर. वीस दिवस म्हणजे आपण वाट बघायची ती मुदत. क्लोरोफॉर्मच्या जागी नळाच्या पाण्यातला क्लोरीन ठेवा आणि मातीच्या धुवणाच्या जागी जुन्या टाकीतला स्पंज.

पुढे १८९० मध्ये विनोग्राड्स्कीने हे जिवाणू वेगळे काढले आणि काम दोन टप्प्यांत होतं हे दाखवलं. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषच. ते रक्तातल्या प्राणवायू वाहणाऱ्या द्रव्याला निकामी करतं, रक्त तपकिरी पडतं आणि भरपूर हवा असलेल्या पाण्यात मासा गुदमरतो. शेवटचं नायट्रेट मात्र बरंच निरुपद्रवी. दुसऱ्या टप्प्याचं काम ‘नायट्रोबॅक्टर’ करतो असं जुन्या पुस्तकांत लिहिलेलं सापडेल. १९९८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा त्यांत ते काम ‘नायट्रोस्पिरा’ करताना आढळला. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंत सगळं एकट्याने करणारा नायट्रोस्पिराही सापडला, आणि त्याच्या सापडण्याच्या ठिकाणांपैकी एक होतं मत्स्यपालनाच्या टाकीचा फिल्टर. बाजारातल्या बाटलीबंद जिवाणूंनी कधी फरक पडतो, कधी अजिबात पडत नाही. बाटलीत नेमकं कोण आहे आणि ते जिवंत आहे का, यावर ते अवलंबून.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे जिवाणू नावाने माहीत नसतील, पण त्यांच्याशी त्याची रोजची गाठ आहे. चारसूत्री भात लागवडीत चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची ब्रिकेट सात ते दहा सेंटीमीटर खोल चिखलात दाबतात. का दाबायची? वर फेकलेल्या युरियाचा अमोनिया होतो, हवेशीर थरातले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि नायट्रेट मातीला धरून राहत नाही, पाण्याबरोबर जातं. खोल चिखलात हवा नाही, म्हणून जिवाणूंचं काम चालत नाही, अमोनिया तिथेच थांबतो आणि मुळांना मिळतो. खाचरात आपण त्या जिवाणूंना हवेपासून तोडून अडवतो. टाकीत त्याच जिवाणूंना भरपूर हवा देऊन कामाला लावायचं. अमोनियातल्या एक ग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साडेचार ग्रॅमच्या वर प्राणवायू खर्च होतो. फिल्टर म्हणजे त्यांना घर आणि वारा दोन्ही पुरवण्याची सोय.

आता प्रत्यक्ष टाकीकडे वळू.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच ही टाकी सुरुवातीला उत्तम. तीत साधारण छप्पन्न लिटर पाणी मावतं, म्हणजे काच आणि खडे धरून पाऊणशे किलोच्या आसपास वजन. प्लायवूडचा शोभेचा स्टूल ते पेलणार नाही. खाली थर्माकोलचा पातळ तक्ता हवा, नाहीतर एखाद्या बारीक खड्यावर तळाची काच तडकते. खिडकीचं थेट ऊन नको, पाणी हिरवं होतं. नवीन टाकीला सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर तो जाईपर्यंत थांबा, मग पाणी भरून एक दिवस अंगणात ठेवा. गळायची असेल तर तिथे गळू दे. हे एवढंच, यात अवघड काही नाही. खरं काम पाण्याचं आहे.

पाणी कुठलं, हे आधी पाहा. ग्रामपंचायतीच्या विहिरीत किंवा टाकीत जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो. पावसाळ्यात तर ती हटकून पडते, आणि पडायलाच हवी, गॅस्ट्रोपासून ती गाव वाचवते. पण माणसाला वाचवणारा तोच क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो आणि आपल्या जिवाणूंना मारतो. पाणी उघड्या बादलीत एक-दोन दिवस ठेवलं, त्यात हवेचा दगड सोडला, की तो उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन वापरा. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं, जुने फोटोग्राफर ज्याला ‘हायपो’ म्हणायचे ते. गावातल्या ओटी टेस्टच्या बाटलीने तपासता आलं तर आणखी चांगलं. पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन अजून आहे. भातशेतीला लागून असलेल्या उघड्या विहिरीचं पाणी पहिल्या पावसानंतर महिनाभर तरी वापरू नका. त्यात खत आणि औषध दोन्ही उतरलेलं असू शकतं.

खडे आणि दगडांबाबत आपण नशीबवान आहोत. आपला काळा पाषाण पाण्यात काही सोडत नाही. फक्त त्याच्या पोकळ्यांतले पांढरे स्फटिक तपासून घ्या. बोरघाटातून रेल्वेमार्ग काढला, १८६३ मध्ये तो पुरा झाला, त्या खोदाईत असे सुंदर स्फटिक निघाले. त्यातले काही झिओलाइट, ते चालतील. काही कॅल्साइट असतात. लिंबू पिळल्यावर फसफसलं तर ते कॅल्साइट, ते पाण्याचा सामू वर ढकलत राहील. क्रशरची धारदार कच नको, तळाशी वावरणाऱ्या माशांच्या मिशा आणि पोटं खरचटतात. गोलसर खडे घ्या, गढूळपणा जाईपर्यंत धुवा, साबण मात्र अजिबात नको.

फिल्टर साधा स्पंजचा घ्या, हवेच्या पंपावर चालणारा. आमच्याकडे वळवाच्या पावसात लाईट गेली की कधी कधी चार-पाच तास येत नाही. बंद डब्याच्या महागड्या फिल्टरमध्ये तेवढ्या वेळात आतलं पाणी बिनहवेचं होतं, जिवाणू गुदमरतात, आणि लाईट आल्यावर ती घाण टाकीत परत येते. उघडा स्पंज असल्या वेळी जास्त तग धरतो. शंभर-दोनशे लिटरच्या टाकीपर्यंत मी दुसरं काही सुचवणार नाही. बॅटरीवर चालणारा एक छोटा हवापंप घरात असू द्या. उन्हाळ्यात तो मासे वाचवतो, कारण वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावत असेल, तर तीस अंशाला साडेसातच मावतो.

टाकी भरली, फिल्टर चालू झाला, पाणी काचेसारखं दिसतंय. पोरांचा धीर सुटतो तो इथे. माझी पुतणी रोज शाळेतून आली की विचारायची, “काका, आज आणायचे मासे?” मी म्हणायचो, “लोणचं घातलं त्याच दिवशी खातेस का? मुरू दे.”

मुरवायचं म्हणजे जिवाणूंना खायला घालायचं. मासे नसताना अमोनिया कुठून आणायचा? चिमूटभर माशांचं खाणं रोज टाकलं तर ते कुजून अमोनिया देतं, पण त्याचा अंदाज येत नाही आणि टाकी घाण होते. त्याहून नेमका उपाय म्हणजे नवसागर. कल्हईवाला भांड्यावर भुरभुरवतो तोच, अमोनियम क्लोराइड. बाजारातल्या नवसागरात भेसळ आणि धातूचे अंश असतात, म्हणून प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून शुद्ध आणा. तीन ग्रॅम नवसागर शंभर मिलिलिटर पाण्यात विरघळवून ठेवा. त्यातलं दहा मिलिलिटर, पन्नास लिटर पाण्याला. म्हणजे लिटरमागे साधारण दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो, एवढा पुरे. जास्त घातला तर जिवाणू लवकर वाढत नाहीत, उलट अडतात.

सोबत अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे थेंबांचे किट लागतात. पाच मिलिलिटर पाण्यात थेंब टाकायचे, थांबायचं, रंग तक्त्याशी लावून बघायचा. मुलांना हे काम द्या, ती मनापासून करतात. पुतणीने वहीत रोजचे आकडे मांडले होते. पहिले आठ-नऊ दिवस अमोनियाचा रंग हलला नाही. अकराव्या दिवशी तो फिका पडला आणि त्याच दिवशी नायट्राइटची नळी पहिल्यांदा जांभळट झाली. मग अमोनिया शून्यावर आला. नायट्राइट मात्र गडद जांभळं, दहा-बारा दिवस हलेना. अमोनिया संपला म्हणून पुष्कळ लोक मासे इथेच आणतात आणि फसतात. नायट्राइट खाणारे जिवाणू उशिरा येतात आणि सावकाश वाढतात. या काळात अमोनिया शून्य झाला की पुन्हा एक मात्रा द्यायची, पहिल्या जिवाणूंना उपाशी ठेवायचं नाही. एकतिसाव्या दिवशी सकाळी वहीत दोन्ही रकान्यांत शून्य होतं. आदल्या सकाळी घातलेली पूर्ण मात्रा चोवीस तासांत फस्त झाली होती. टाकी मुरल्याची खूण हीच. काचेवर हात फिरवला तर बोट किंचित घसरलं, कोंडाण्याच्या दगडासारखं.

साधारणपणे चार ते सहा आठवडे धरा. आपल्याकडची उष्ण हवा इथे फायद्याची आहे, पंचवीस ते तीस अंशांत हे जिवाणू जोमाने वाढतात. थंड देशांत याच कामासाठी हीटर लावतात.

मधल्या काळात दोन गोष्टी घडतात, त्यांना घाबरू नका. तिसऱ्या-पाचव्या दिवशी पाणी दुधाळ होतं. ते दुसरेच जिवाणू, कुजकं खाणारे, ते झपाट्याने वाढतात आणि अन्न संपलं की बसतात. माझ्यासारखं सगळं पाणी काढू नका, दोन-चार दिवसांत ते आपोआप निवळतं. दुसरी गोष्ट, सुरू झालेलं काम कधी मध्येच थांबतं. आपल्याकडचं पावसाळी पाणी फार मऊ असतं आणि जिवाणूंच्या कामात आम्ल तयार होतं, ते झेलायला पाण्यात क्षार उरत नाहीत. सामू साडेसहाच्या खाली गेला की ते मंदावतात. चिमूटभर खायचा सोडा पाण्यात विरघळवून घाला, एखादा दिवस थांबा, पुन्हा मोजा.

हे सगळं निम्म्या वेळात आटपायचं असेल तर एकच खात्रीचा मार्ग. ओळखीच्या माणसाच्या निरोगी, जुन्या टाकीतला स्पंज आणून आपल्या टाकीत पिळा, जमलं तर तो स्पंजच तुकडाभर कापून आणा. पाण्यात बुडवूनच आणा, वाळला तर उपयोग नाही. ओढ्यातला बुळबुळीत दगड आणायचा मोह होईल, मलाही झाला होता. पण त्याच्याबरोबर जळवा येतात, चतुराची अळी येते, ती छोटे मासे पकडून खाते, आणि माशांचे रोगही येतात. तो दगड तिथेच शोभतो.

वनस्पती जरूर लावा. १८५० मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती एका टाकीत ठेवून दाखवलं की वनस्पती पाणी जगतं ठेवते. पुढे पानं कुजू लागली, तेव्हा ती खायला त्याने गोगलगायी सोडल्या. काचेच्या पेटीत मासे पाळण्याची आजची रीत तिथून पसरली. व्हॅलिस्नेरिया आपल्या तळ्यांतही उगवते, पट्ट्यासारखी लांब पानं, मऊ. ती अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही शोषते. दुकानातून आणली तर आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा.

टाकी मुरली की निम्म्याहून जास्त पाणी बदला, साठलेलं नायट्रेट कमी होऊ दे, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मासे आणा. मध्ये आठवडा जाऊ देऊ नका, जिवाणू उपाशी मरतील. पहिल्या खेपेला चार-पाच छोटे मासे, गप्पी किंवा प्लॅटी. गोल्डफिश दोन फुटी टाकीत नकोच, तो वीतभर वाढतो आणि मळही फार करतो. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खायला घाला. स्पंज महिन्यातून एकदा टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून काढा, नळाखाली कधीही नाही.

आणि एक कळकळीचं सांगणं. पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यातून खाचरात चढतात, ते अंडी घालायला निघालेले असतात. टाकी भरायला ते धरू नका. तसंच टाकीतला मासा नकोसा झाला म्हणून ओढ्यात सोडू नका. शोभेचा म्हणून आणलेला सकर मासा लोकांनी सोडून दिला आणि आज तो उजनीत कोळ्यांच्या जाळ्यांत येतो आहे. कोंडाण्याचा ओढा राजमाचीच्या दरीत उगम पावणाऱ्या उल्हास नदीला मिळतो. इथे सोडलेलं खाली बदलापूर-कल्याणपर्यंत जातं. नकोसा मासा दुकानात परत द्या, नाहीतर पाळणाऱ्या माणसाला द्या.

दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलाल, त्यात नायट्रेट असतं, म्हणजे खतच. गोगलगायींची अंडी आणि वनस्पतींचे तुकडेही असतात, म्हणून तेही ओढ्यात किंवा गटारात ओतायचं नाही. मोगऱ्याला घाला.